पड आणि पडीक

शालन, आज पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, हळूहळू सवय होते. माझी अजून तुझ्याशी भांडायची सवय गेलेली नाही, तर तुझ्या नसण्याची कुठून होणार? सकाळी गाडीत बसले की पहिल्या सिग्नलपर्यंत मी तुला काहीतरी ऐकवत असते. शेजारच्या गाडीतला माणूस बघतो. त्याला वाटतं, बाई फोनवर आहे.

तुझी माहिती मी लिहिणार नाही. ती मराठी मंडळाच्या लोकांनी लिहिली, फोटोसकट सगळ्यांना पाठवली. त्यात तुला ‘मनमिळाऊ आणि हसतमुख’ म्हटलंय. वाचून मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तू मनमिळाऊ असतीस तर आपलं पुस्तक तीन वर्षांपूर्वीच छापून झालं असतं. आणि हसतमुख? पुस्तक वाचताना तुझ्या कपाळावर जी आठी पडायची, तिला घाबरून तुझा नवरा, दिलीपराव, चहासुद्धा स्वतः करून घ्यायचे.

मला एकच गोष्ट कळायला हवी आहे आणि ती सांगणारी तूच तेवढी नाहीस. तू माझ्यावर रागावून गेलीस का? फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही. तुझ्या घरापासून माझं घर बारा मिनिटांवर. मिशिगनच्या या नोव्हायमध्ये बारा मिनिटं म्हणजे कोथिंबीर आणायला जातो तेवढं अंतर. मी आठ महिन्यांत ते पार केलं नाही.

आपली ओळखच मुळी मातीवरून झाली. मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या त्या हॉलमध्ये, तू मसालेभात वाढत होतीस. कुणीतरी माझी ओळख करून दिली, “या मेधाताई. मातीत डॉक्टरेट केलीय. इथल्या सॉइल लॅबमध्ये असतात.” तू माझ्या पानावर भाताचा डाव तसाच अधांतरी धरून विचारलंस, “ग्रीसच्या डोंगरांवर माती का नाही हो?” मागे रांग थांबली होती. मी म्हटलं, “आधी भात तर वाढा.”

मग कळलं की माणदेशातल्या कोरडवाहू गावात वाढलेली ही बाई नोव्हायच्या पब्लिक लायब्ररीत बसून जुनं ग्रीक शिकते. का, तर एकदा सहज हातात घेतलेल्या पुस्तकात तिला दिसलं, की अडीच हजार वर्षांपूर्वी तिकडची माणसं कमी पावसाच्या, दगडधोंड्यांच्या रानात शेती करत होती. ती माणसं तुला ओळखीची वाटली. “लोक त्यांच्या देवळांबद्दल बोलतात, पुतळ्यांबद्दल बोलतात,” तू म्हणायचीस. “जेवत काय होते, ते कुणी विचारतच नाही. अगं, सातू खात होते! आणि पाऊस त्यांना हिवाळ्यात. म्हणजे सगळी शेती रब्बीची. आमच्यासारखीच की!” हे तू अशा थाटात सांगायचीस, जसं काही तुझ्या माहेरची सोयरीक अथेन्समध्ये जुळली आहे.

मी एकदा कॉन्फरन्ससाठी तिकडे जाऊन आले, तेव्हा तू एअरपोर्टवर आली होतीस. ‘प्रवास कसा झाला’ नाही, काही नाही. “माती आणलीस?” मी सांगितलं, परवान्याशिवाय माती देशात आणता येत नाही, माझी नोकरी जाईल. तू माझ्या बुटांकडे बघितलंस. घरी आल्यावर तू वर्तमानपत्र पसरून, बटर लावायच्या सुरीनं माझ्या बुटांच्या तळाची तांबडी माती खरवडलीस. जेमतेम चमचाभर निघाली असेल. ती बोटांत चोळलीस, वास घेतलास आणि म्हणालीस, “कस नाही हिच्यात, पण गुण आहे.” मी पंचवीस वर्षं माती तपासते आहे. कस आणि गुण यांतला फरक दाखवणारं यंत्र आमच्या लॅबमध्ये नाही. त्या दिवशी मी तुला हसले होते.

त्याच महिन्यात आपण ठरवलं, जुन्या ग्रीसमधल्या शेतीवर मराठीत एक छोटं पुस्तक लिहायचं. जुने मजकूर तू वाचायचे, माती मी बघायची. आणि पहिल्याच प्रकरणापासून आपलं वाजलं.

माझं म्हणणं साधं होतं. त्या लोकांनी आपले डोंगर आपल्या हातांनी बोडके केले. जहाजांना लाकूड, कोळशाला लाकूड, उतारावर नांगर, वर शेळ्या. माती धुपून खाली गेली, दऱ्याखोऱ्यांत आणि समुद्रकाठी तिचे थर सापडतात. तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. “शेळीला काही बोलायचं नाही. पुण्यात वाढलेल्या बाईनं तर मुळीच नाही. उंटावरून शेळ्या हाकतेयस नुसत्या.” तुझं म्हणणं, डोंगरउतारावर दगड रचून ज्या ताली घालतात त्या माणसं असेपर्यंत माती धरून ठेवतात. दरवर्षी चार दगड निखळतात, दरवर्षी कुणीतरी ते परत बसवतं. लढाई झाली, रोग आला, माणसं गाव सोडून गेली, म्हणजे मग चार दगड बसवायला कोणी उरत नाही. माती तेव्हा जाते. “माणसाच्या वापरानं नाही गेली मेधा, माणसाच्या जाण्यानं गेली.”

तुझ्या घरामागच्या उतारावर तू नदीतल्या गोट्यांच्या तीन ताली घातल्यास ते मला हेच पटवायला. हाउसिंग सोसायटीनं पत्र पाठवलं, विनापरवाना बांधकाम म्हणून. तू त्यांना उत्तरादाखल चार पानी ग्रीक इतिहास पाठवलास. त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. घाबरले असावेत.

हा वाद आपण मिटवला नाही. मिटवायची घाई कुणाला होती? शनिवारी सकाळी मी तुझ्याकडे यायचे, तू भाकरी थापत बोलायचीस, मी टाइप करायचे. या देशात मला कुणीही विचारलं की वीकएंडला काय करतेस, तर माझ्याकडे एक उत्तर होतं. एकट्या बाईला ते असावं लागतं. आता सोमवारी लॅबमध्ये कुणी विचारलं की मी म्हणते, “रेस्ट घेतली.”

आता फेब्रुवारीबद्दल. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

तिसऱ्या प्रकरणात तू लिहिलं होतंस, ग्रीक शेतकरी एक वर्ष रान पेरायचे, एक वर्ष पड ठेवायचे. पड हा शब्द त्या प्रकरणात जागोजाग होता. मला वाटलं, पडीक लिहायचं असताना तू गावाकडचं अर्धवट रूप लिहितेयस. प्रूफ तपासणारा पुणेरी हात शिवशिवला. एकेक बघत बसायचा कंटाळा, म्हणून फाइंड अँड रिप्लेस केलं. जिथे जिथे पड, तिथे तिथे पडीक. न वाचता तुला फाइल पाठवून दिली आणि शनिवारी भाकरी खायला हजर झाले.

तू लॅपटॉप माझ्याकडे फिरवलास. “वाच.”

मी वाचलं. ‘त्या वर्षी पाऊस उशिरा पडीकला. बायकांनी कपडीके वाळत घातले. बैल पडीकवीत बांधले होते. गडी दमून झाडाखाली पडीकला, त्याला खुरपं सापडीकलं नाही.’

आपण दोघी इतक्या हसलो की दिलीपराव वरच्या मजल्यावरून खाली आले. तिथेच थांबायला हवं होतं. पण तू डोळे पुसलेस आणि विचारलंस, “पण बदललंस का?”

“अगं, पड म्हटलं तर वाचकाला कळणार नाही. पुण्यात कुणी म्हणत नाही तसं.”

“पुण्यात रान तरी कुठंय?”

“तेच ते ना पण? पड काय, पडीक काय.”

तू तवा उतरवून ठेवलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं. “तेच ते नाही. पडीक म्हणजे सोडून दिलेलं. तिथं बोराटी माजते, कुणी फिरकत नाही. पड म्हणजे मालकाच्या मनात असलेलं रान. ते नांगरायचं, कुळवायचं, तण काढायचं, पुन्हा कुळवायचं. फक्त पेरायचं नाही. पाऊस पिऊन घेऊ द्यायचा त्याला. काम सगळं असतं, पीक तेवढं नसतं. आमच्याकडं शाळू पेरायच्या आधी असंच करतात. ग्रीकही तेच करत होते, म्हणून तर मी तो शब्द लिहिला.” मग तू खुर्चीवर बसलीस. “मी इथं डिपेंडंट व्हिसावर नऊ वर्षं घरात होते. सगळ्याजणी म्हणायच्या, शालन काय, घरीच असते. त्या नऊ वर्षांत मी ग्रीक शिकले. मी पड होते मेधा, पडीक नव्हते. आणि तू एक बटण दाबलंस.”

यावर माणसानं काय म्हणावं? चुकले म्हणावं. मी म्हणाले, “एका शब्दावरून एवढं? यू आर ओव्हररिअॅक्टिंग यार.”

तू लॅपटॉप मिटलास. आवाज न चढवता म्हणालीस, “जाऊ दे. पुस्तक थोडे दिवस पड टाकू.”

मी पडत्या फळाची आज्ञा मानली आणि बर्फात गाडी काढून निघून आले. न जेवता.

त्या शब्दाचा अर्थ तू मला दोन मिनिटांपूर्वी, तुकडे करून, लहान मुलीला भरवावा तसा भरवला होतास. तरी मला पडीकच ऐकू आलं. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की तू पुस्तक सोडलंस आणि मलाही. लॅबमधल्या एका बाईला मी मोघम सांगितलं, तर ती म्हणाली, “गिव्ह हर सम स्पेस.” या देशात जागेला काही तोटा नाही. मी दिली, भरपूर दिली. माझ्या रागाला त्यामुळे शहाणपणाचं नाव मिळालं आणि मी निवांत रुसून बसले. हो, रुसलेच होते मी, पहिले पंधरा दिवस. त्यानंतर राग गेला आणि तुझी भीती वाटायला लागली. तू फोन उचलणार नाहीस, ही भीती.

जूनमध्ये तुझा एक फोटो आला. थंडीत ढासळलेल्या ताली तू परत रचल्या होत्यास, मधल्या पायरीवर मेथी उगवली होती. खाली एक अक्षर नाही. मी किती वेळ त्या फोटोकडे बघत होते. मेथी छान आलीय लिहू? सॉरी लिहू? लिहिलं आणि पुसलं, असं चारपाच वेळा. शेवटी अंगठ्याचं चित्र पाठवलं. सगळं जग पाठवतं. पण आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं का? तू तो कसा घेतलास, मला माहीत नाही. त्यानंतर फोटो आला नाही.

मग ऑक्टोबर आला. दर ऑक्टोबरला तुझा फोन यायचा. मिशिगनचे करकोचे थवे करून दक्षिणेला निघाले की तू अंगणातूनच ओरडायचीस, “मेधा, ऐकलेस का? चालले. ग्रीकांची पेरणी आली!” तिकडे करकोचे डोक्यावरून गेले की शेतकरी औत काढायचे, हे सांगताना तुला दरवर्षी नव्यानं आनंद व्हायचा. यंदा ते मला लॅबच्या पार्किंग लॉटमध्ये ऐकू आले. मान वर करून मी उभी राहिले. इतके खाली होते की लांब माना दिसत होत्या. फोन हातातच होता. मी वाट बघितली. म्हटलं, आता वाजेल. शेवटचा थवा झाडांमागे गेला तरी वाजला नाही. मग मला वाटलं, आपणच करावा. आणि लगेच वाटलं, दरवर्षी ती करते, यंदा तिला करायचा नाहीये, हेच तिचं उत्तर. मी किल्ली काढून गाडीत बसले.

नवव्या दिवशी दिलीपरावांचा फोन आला. “मेधा, शालन गेली.” भाजी निवडताना डोकं दुखतंय म्हणालीस म्हणे. मी मूर्खासारखं विचारलं, “कुठे गेली?”

फ्युनरल होममध्ये मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी मायक्रोफोनपर्यंत गेले आणि परत आले. लोकांना वाटलं, जवळची मैत्रीण, दुःख अनावर झालं. खरं हे की मला तिथे तुझी जवळची मैत्रीण म्हणून उभं राहायची लाज वाटली. तुझ्या शेवटच्या आठ महिन्यांतलं मला काय माहीत होतं? तुला नवा चष्मा लागला होता, हेही मला तिथे ठेवलेल्या तुझ्या फोटोवरून कळलं.

गेल्या शनिवारी रेवाचा फोन आला. तुझी लेक फ्रिस्कोहून आल्यापासून इथेच आहे, बाबांपाशी. “मावशी, आईच्या नोटबुक्स सापडल्या. आय कान्ट रीड हर रायटिंग. तू येशील?”

मी गेले. बारा मिनिटं. तुझ्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी. मागच्या ताली खिडकीतून दिसत होत्या आणि कोपऱ्यातले दोन गोटे निखळले होते. वादात तुझी बाजू बरोबर होती, हे मी अजून मानत नाही. पण कोट न घालता मी बाहेर गेले आणि ते गोटे परत बसवून आले. रेवा दारातून बघत होती.

दोन वह्या होत्या. पहिल्या पानावरची तारीख मी निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. तू थांबलीच नव्हतीस. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, दर आठवड्याला काही ना काही. प्रकरण एकही लिहिलेलं नाही, नुसती मशागत. मजकुरातले उतारे, खाडाखोड, औताचं चित्र, ग्रीक शब्दासमोर तुझ्या आईच्या तोंडचा शब्द. आणि दर दोनतीन पानांनंतर, खाली चौकट आखून: मेधाला विचारणे.

मी रेवाला एकेक वाचून दाखवलं आणि तिच्यासाठी इंग्रजीत सांगितलं. उत्तरं तिला नाही दिली. ती तुझी आहेत.

‘ऑलिव्ह एक वर्ष लगडलेला, एक वर्ष रिकामा. आंब्यासारखंच का?’ हो गं, तसंच. फळं पोसण्यात झाडाची ताकद जाते, पुढच्या वर्षीच्या मोहोरासाठी उरत नाही.

‘कुळवलेल्या पडीत ओल खरंच टिकते, का आपल्या लोकांचा समज?’ थोडी टिकते. हलक्या, उथळ रानात फार नाही. खरा फायदा तण मरतं हा. पाणी तण पितं. तुझी आई हेच सांगायची, असं तूच पुढच्या पानावर लिहिलंयस, मग मला कशाला विचारतेस?

‘शेतात खापऱ्या का सापडतात? उकिरड्यातून गेल्या असतील का?’ काही जण तसंच मानतात, की घरातला केर आणि राख शेणखताबरोबर रानात जायची. काही जण मानत नाहीत. तू मानणार, मला माहीत आहे.

‘आधी माणसं जातात की आधी ताली ढासळतात, हे मातीवरून सांगता येतं का?’ नाही येत, शालन. माती कधी गेली ते मी अंदाजानं सांगू शकते. का गेली ते माती सांगत नाही. एवढं मी तुला कबूल करायला हवं होतं, भाकरी गरम असताना.

रेवा मधेमधे हसत होती. “शी वॉज सच अ नर्ड, मावशी.” एकदा तिनं विचारलं, “मग ती तुला कॉल का नाही करायची?” मी म्हटलं, “आम्ही पुस्तक पड टाकलं होतं.” तिला वाटलं, मी विषय बदलला.

दुसरी वही अर्ध्यावर संपते. शेवटचं पान ऑक्टोबरातलं, करकोचे गेले त्या दिवसाचं. वर फक्त तारीख आणि ‘आज गेले.’ खाली चौकट. चौकटीत एकच ओळ, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात.

रेवानं तिच्यावर बोट ठेवलं. “अँड धिस वन?”

“मातीबद्दलच आहे काहीतरी,” मी म्हणाले. ती चहा टाकायला उठली आणि मी ती ओळ पुन्हा वाचली.

‘मेधाला विचारणे: अजून रुसलीयस का?’

नाही गं. मला वाटत होतं, तू रुसलीयस.